बोटभर माशाचा समुद्र

ठाण्याला माझ्या भाच्याच्या बैठकीच्या खोलीत, जिथे पूर्वी कपबशांचे शोकेस होते, तिथे आता तीन फूट लांबीची काचेची टाकी आहे. आत खारे पाणी, तळाला पांढरी वाळू आणि भाजलेल्या मातीचे सच्छिद्र दगड. एका दगडाखाली बीळ आहे. त्या बिळाच्या तोंडाशी बोटभर लांबीचा पिवळा मासा बसलेला असतो. ‘बसलेला’ हाच शब्द बरोबर, कारण तो क्वचितच पोहतो. त्याच्या मागून एक कोळंबी नांग्यांत वाळू धरून बाहेर येते, ती वाळू ढकलून टाकते आणि पुन्हा आत जाते. बाहेर असेपर्यंत तिची एक लांब मिशी माशाच्या अंगाला टेकलेली असते. मी काचेजवळ तोंड नेले की मासा शेपटी झटकतो आणि कोळंबी क्षणात दिसेनाशी होते. पहिल्या दिवशी हे पाहत मी इतका वेळ बसलो की बहिणीला जेवायला तीनदा हाक मारावी लागली.

“मामा, हा गोबी. याला वॉचमन म्हणतात,” भाचा म्हणाला.

“कुठला?”

“दुकानातला.”

“दुकानाच्या आधी कुठला?”

ते भाच्याला ठाऊक नव्हते. दुकानदारालाही नव्हते. त्याने हा मासा मुंबईच्या घाऊक व्यापाऱ्याकडून आणला होता आणि तिथल्या पावतीवर फक्त नग आणि भाव लिहिलेला होता. ही जात पश्चिम प्रशांत महासागरातली, एवढे पुस्तकातून कळले. पण हा एक मासा कोणत्या खडकाजवळ, कोणी, कशाने पकडला, याचा माग लागेना. तेव्हापासून मी घरात समुद्र ठेवण्याच्या हौसेचा इतिहास वाचत आहे. त्या इतिहासात हा प्रश्न वारंवार पुढे येतो आणि बहुतेक वेळा तो कोणी विचारलेलाच नसतो.

* * *

गोबी हे एका माशाचे नाव नाही, ते एका अवाढव्य कुळाचे नाव आहे. ग्रीक ‘कोबिओस’वरून लॅटिन ‘गोबिउस’ आणि त्यावरून हा शब्द आला. दीड हजाराहून जास्त जाती या कुळात मोजतात आणि भर पडतेच आहे. बहुतेकांची लांबी बोटापेक्षा कमी. पोटाखालचे दोन पर एकत्र जुळून त्यांची वाटी झालेली असते. तिने मासा दगडाला धरून बसतो. वाताशय अनेकांना नसतोच, त्यामुळे पाण्यात अधांतरी राहणे त्यांच्या स्वभावात नाही. ते तळाशी, फटीत, बिळात, शिंपल्याखाली राहतात.

कोकणातल्या वाचकाला हे कूळ अगदी परके नाही. ओहोटीला खाडीच्या चिखलावर उड्या मारणारी, डोळे डोक्यावर असलेली निवटी ही याच गोतावळ्यातली. भाच्याच्या इमारतीपासून ठाण्याची खाडी फार लांब नाही. तिथल्या चिखलात गोबीची भावंडे रोज दोन वेळा उघड्यावर येतात, त्यांचे कालवण करून लोक चवीने खातात. आणि सातव्या मजल्यावर त्यांच्याच एका दूरच्या नातेवाइकासाठी पाणी किती खारट आहे ते मोजले जाते. यात चेष्टा करण्यासारखे काही नाही. रोज दिसणारी वस्तू काचेमागे गेल्याशिवाय माणूस तिच्याकडे नीट पाहत नाही, हे गेल्या दोनशे वर्षांत पुष्कळदा सिद्ध झाले आहे.

* * *

समुद्री प्राणी काचेच्या टाकीत ठेवून त्यांचा शास्त्रीय अभ्यास पहिल्यांदा केला तो एका शिवणकाम करणाऱ्या बाईने. जान व्हिलप्रो ही फ्रान्समधल्या ज्युइयाक या खेड्यात १७९४ मध्ये जन्मली. पॅरिसला जाऊन ती कपडे शिवणाऱ्यांकडे कामाला लागली आणि १८१६ मधल्या एका राजघराण्यातल्या लग्नाच्या पोशाखामुळे तिचे नाव झाले. पुढे जेम्स पॉवर या इंग्रज व्यापाऱ्याशी लग्न करून ती सिसिलीत मेसिना बंदरात राहायला गेली. तिथे तिला आर्गोनॉट या आठ हातांच्या प्राण्याने पछाडले. त्याचे कागदासारखे पातळ शंखघर तो स्वतः बांधतो की दुसऱ्याचे बळकावतो, असा तेव्हा वाद होता. मेलेल्या नमुन्यावरून त्याचा निकाल लागणे शक्य नव्हते. म्हणून १८३२ मध्ये तिने काचेच्या टाक्या करून घेतल्या, शिवाय समुद्रात बुडवून ठेवायचे पिंजरेही. तिने शंखाचा तुकडा तोडला आणि प्राणी तो भरून काढतो का ते पाहिले. त्याने भरून काढला. वाद संपला. १८३८ मध्ये तिचा संग्रह आणि कागदपत्रे घेऊन निघालेले जहाज बुडाले आणि पुष्कळ काम पाण्यात गेले, तरी रिचर्ड ओवेनसारख्या बड्या प्राणिशास्त्रज्ञाने टाकीच्या शोधाचे श्रेय तिलाच दिले.

मेसिनाला समुद्र दाराशी होता. लंडनला तो नव्हता. ॲना थिन ही वेस्टमिन्स्टर ॲबेच्या उपडीनची पत्नी १८४६ मध्ये टॉर्कीच्या किनाऱ्यावर गेली असता खडकांतल्या डबक्यात तिने एकेकटे वाढणारे दगडी प्रवाळ पाहिले. ते तिने सुईदोऱ्याने स्पंजाला टाचून, बरणीत घालून लंडनला आणले. पाणी खराब होऊ नये म्हणून रोज उघड्या खिडकीपाशी ते एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात, पुन्हा पहिल्यात, असे अर्धा-पाऊण तास ओतावे लागे. ओतण्याचे काम मोलकरणीकडे होते. आज विजेचा पंप जे करतो ते एका लंडनच्या घरातली मोलकरीण हातांनी करत होती आणि तिचे नाव या इतिहासात कुठे येत नाही. पुढे ॲनाबाईंनी समुद्रशेवाळ मागवून पाण्यात सोडले, तेव्हा ओतण्याचे काम बरेच कमी झाले. प्रवाळ वर्षानुवर्षे जगले, त्यांना पिलेही झाली.

शेवाळाने हे कसे साधले, याचा सिद्धान्त मांडला रॉबर्ट वॉरिंग्टनने. तो लंडनच्या औषधविक्यांच्या संस्थेत रसायनशास्त्रज्ञ होता. १८५० मध्ये त्याने केमिकल सोसायटीपुढे आपला प्रयोग वाचला: काचेच्या भांड्यात सोनमासे, एक पाणवनस्पती आणि कुजलेली पाने खाणाऱ्या गोगलगायी. मासे प्राणवायू घेतात, वनस्पती तो देते, गोगलगाय केर काढते; हिशेब बरोबर जुळतो. या ‘समतोल टाकी’च्या कल्पनेने लोक भारावले. वॉरिंग्टनने लगेच समुद्राच्या पाण्यावरही प्रयोग केले.

पण हिशेबात एक रकम राहून गेली होती. माशाच्या विष्ठेतून, मूत्रातून आणि उरलेल्या अन्नातून पाण्यात अमोनिया साठतो आणि प्राणवायू भरपूर असला तरी मासा त्या विषाने मरतो. निरोगी टाकीत हा अमोनिया जातो कुठे? वाळूवर आणि दगडांवर बसलेले जीवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. हे १८५० मध्ये कोणालाच माहीत नव्हते. गंमत अशी की हे जीवाणूंचे काम दोन टप्प्यांत चालते हे दाखवण्यात ज्याचा मोठा वाटा आहे, तो रोदमस्टेडच्या शेती-संशोधन केंद्रातला रसायनशास्त्रज्ञ म्हणजे याच वॉरिंग्टनचा त्याच नावाचा मुलगा. तो १८७८ पासून मातीतल्या नायट्रेटांवर काम करत होता. बापाच्या टाकीत काय चालले होते ते मुलाला शेतातल्या मातीत सापडले. टाकी ठेवणाऱ्या हौशी लोकांपर्यंत ही गोष्ट पोचायला मात्र पुढे आणखी कित्येक दशके लागली, आणि तोवर किती मासे मेले याची मोजदाद नाही. भाच्यानेही पहिल्या आठवड्यात चार मासे याच कारणाने घालवले. दुकानात त्याला पाणी, मीठ आणि मासे एकाच दिवशी विकले होते.

* * *

या हौसेला ‘ॲक्वेरियम’ हा शब्द रुळवून देणारा माणूस फिलिप हेन्री गॉस. निसर्ग हे देवाने लिहिलेले पुस्तक आहे आणि ते शब्दशः वाचायचे, अशी कडवी श्रद्धा असलेला हा गृहस्थ तासन्‌तास छातीएवढ्या पाण्यात उभा राहून खडकांच्या फटी तपासत असे. लंडनच्या रीजंट्स पार्कमधल्या प्राणिसंग्रहालयात १८५३ च्या मे महिन्यात जगातले पहिले सार्वजनिक मत्स्यालय उघडले, त्यासाठी त्याने प्राणी गोळा केले. त्याच वर्षी त्याचे डेव्हन किनाऱ्यावरचे पुस्तक आणि १८५४ मध्ये ‘द ॲक्वेरियम’ आले. रंगीत चित्रे, सोपी भाषा, टाकी कशी करावी याच्या सूचना. समुद्रापासून दूर राहणाऱ्यांसाठी त्याने साधे मीठ, एप्सम मीठ आणि मॅग्नेशियम व पोटॅशियमचे क्लोराइड गोड्या पाण्यात विरघळवून समुद्राचे पाणी बनवण्याची कृतीही दिली. इंग्लंडमध्ये काचेवरचा कर १८४५ मध्ये उठला होता आणि आगगाड्या किनाऱ्याला पोचल्या होत्या, त्यामुळे वेळ अगदी जुळून आली. मध्यमवर्गीयांच्या दिवाणखान्यात टाक्या आल्या. लंडनमध्ये विल्यम ॲल्फर्ड लॉइड नावाच्या माणसाने समुद्री प्राणी आणि समुद्राचे पाणी विकायचे दुकानच काढले.

त्या टाक्यांतले मासे कोणते? इंग्लंडच्या किनाऱ्यावर ओहोटीनंतर खडकांतल्या डबक्यांत जे सापडते ते, म्हणजे समुद्रपुष्पे, खेकडे, कोळंब्या आणि माशांपैकी मुख्यतः गोबी व ब्लेनी. घरगुती समुद्राच्या अगदी पहिल्या पिढीपासून गोबी काचेमागे आहे, तो असा. कोणी त्याला निवडला होता असे नाही. तो जवळ होता, लहान होता, जाळीत येत होता आणि मोठ्या माशांपेक्षा चिवटही होता.

आणि मग किनारा रिकामा झाला.

हे गॉसच्याच मुलाने लिहून ठेवले आहे. एडमंड गॉसचे ‘फादर अँड सन’ हे पुस्तक १९०७ मध्ये आधी लेखकाच्या नावाशिवाय प्रसिद्ध झाले. बाप-लेकांच्या श्रद्धेच्या संघर्षाची कहाणी म्हणून ते वाचले जाते, पण त्यातली काही पाने लहानपणी वडिलांबरोबर पाहिलेल्या डबक्यांविषयी आहेत. ती डबकी माणसाचा हात न लागलेली होती, असे तो सांगतो. वडिलांची पुस्तके वाचून लोकांच्या झुंडी हातोड्या, छिन्न्या, जाळ्या घेऊन किनाऱ्यावर आल्या आणि शतकानुशतके जे होते ते काही वर्षांत खरवडून नेले. आपल्या पुस्तकांनी हे होईल याची वडिलांना कल्पना नव्हती आणि ते लक्षात आल्यावर त्यांना फार दुःख झाले, हेही त्याने नोंदवले आहे. डेव्हनचा सगळा किनारा हौशी लोकांनीच उजाड केला का, यावर मतभेद होऊ शकतात. मुलाच्या आठवणीत दुःखाची भर असेलही. पण ज्याने लोकांना पाहायला शिकवले त्याच्याच शिकवणीने पाहण्यासारखे उरले नाही, ही त्याची तक्रार टाळता येत नाही. खारी टाकी ठेवणाऱ्या प्रत्येकाने ती पाने वाचावीत असे मला वाटते. भाच्याला मी ती वाचायला लावली. तो दोन दिवस माझ्याशी बोलला नाही.

१८६० नंतर ही लाट ओसरली. टाक्या गढूळ होत, वास मारत; लोक कंटाळले. लॉइडचे दुकान बुडाले. पण तो माणूस चिकाटीचा. हॅम्बुर्गच्या आणि मग लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या १८७१ मधल्या मत्स्यालयाचे काम त्याने केले. दिसणाऱ्या टाकीपेक्षा खाली अंधारात कितीतरी मोठा पाण्याचा साठा ठेवायचा आणि तेच पाणी अखंड फिरवायचे, ही त्याची पद्धत. भाच्याच्या टाकीखालचे लाकडी कपाट उघडले की आत दुसरी टाकी आणि पंप दिसतो. ती लॉइडचीच कल्पना.

मोठ्या मत्स्यालयांत मोठे मासे आले आणि गोबी मागे पडला. त्याला टाकीत न्याहाळत राहिले ते थोडे अभ्यासक. फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ फ्रेदेरिक गितेल याने १८९२ मध्ये वाळूतल्या एका गोबीचे वर्तन नोंदवले. नर रिकामा शिंपला पालथा घालतो, खालची वाळू उकरून खोली करतो, वरून वाळू लोटून शिंपला झाकतो. मादी शिंपल्याच्या छताला अंडी चिकटवते आणि निघून जाते. पुढे अंडी फुटेपर्यंत नर परांनी पाणी घालत तिथे बसून राहतो. हे सगळे तळहाताएवढ्या जागेत चालते. माशाचे घर, लग्न आणि बाळंतपण तळहातावर मावते ही गोष्ट पुढे फार उपयोगी पडणार होती.

* * *

आपल्याकडे काचेमागचा समुद्र पाहायला मिळाला तो मुख्यतः मरीन ड्राइव्हवर. राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते १९५१ मध्ये तारापोरवाला मत्स्यालयाचे उद्‌घाटन झाले आणि मुंबईला आलेल्या पाहुण्यांना राणीची बाग आणि मत्स्यालय दाखवणे हा एक रिवाज झाला. मीही वडिलांचे बोट धरून ते पाहिले. कासव आणि शार्क आठवतात. गोबी असेल तर मी त्याच्याकडे पाहिले नाही.

खारी टाकी पुन्हा घरात यायला अडचणी होत्या. जुन्या टाक्यांना लोखंडी किंवा पोलादी चौकट असे. खाऱ्या पाण्याने ती गंजे आणि पाणी विषारी होई. १९६० च्या दशकात सिलिकॉनने काच काचेला चिकटवता येऊ लागली आणि चौकट गेली. पण खरी उडी त्याआधी जकार्तात पडली होती. ली चिन इंग या चिनी वंशाच्या हौशी माणसाने १९६१ मध्ये ‘ट्रॉपिकल फिश हॉबिइस्ट’ या अमेरिकन मासिकात आपली पद्धत लिहिली. त्याने गाळणी वापरलीच नाही. समुद्रातून जिवंत दगड आणले, म्हणजे ज्यांच्या छिद्रांत आणि पृष्ठभागावर असंख्य जीव राहतात असे. सोबत समुद्राची वाळू, ऊन आणि हवेचे मंद बुडबुडे. त्याच्या टाक्यांत प्रवाळ जगले, तेव्हा पाश्चात्त्य हौशी लोकांच्या घरी प्रवाळ म्हणजे धुऊन पांढरा केलेला सांगाडा असे. दगडातले जीवाणू गाळणीचे काम करत होते. वॉरिंग्टन बापलेकांचे अर्धे-अर्धे ज्ञान जकार्तातल्या या गृहस्थाच्या टाकीत एकत्र आले होते, असे म्हणायला हरकत नाही. पश्चिमेत त्याचे म्हणणे फारसे कोणी मनावर घेतले नाही. पुढे जर्मनीत पीटर विल्केन्सने १९७३ मध्ये बिनकण्याच्या समुद्री प्राण्यांवर पुस्तक लिहिले. जिवंत दगड, फेसातून घाण काढणारे यंत्र आणि चुन्याची निवळी ही त्रयी युरोपात रुजली आणि १९८० च्या दशकात अमेरिकेत ‘छोटा रीफ’ घरोघर आला.

या नव्या टाकीत मोठे मासे चालत नाहीत. ते प्रवाळ कुरतडतात, पाणी घाण करतात. लहान, तळाशी राहणारा, कुणाच्या वाटेला न जाणारा मासा हवा होता. शंभर वर्षांनी गोबीला पुन्हा बोलावणे आले.

याच सुमारास त्याच्याविषयी एक नवलाची गोष्टही उजेडात येत होती. मासा आणि कोळंबी एका बिळात राहतात हे त्याआधीही काहींनी पाहिले होते, पण तांबड्या समुद्रातल्या अशा जोडीचे वर्णन वोल्फगांग लुथर याने १९५८ मध्ये प्रसिद्ध केले आणि १९७० च्या दशकात इलान कार्प्लुस व त्याच्या सहकाऱ्यांनी इलातच्या किनाऱ्यावर त्याचा कसून अभ्यास केला. कोळंबीला दिसते कमी, ती खोदते. माशाला खोदता येत नाही, तो पाहतो. कोळंबी मिशी माशाला लावून ठेवते. शेपटीची एक थरथर म्हणजे सावध. मासा डोके खाली करून बिळात घुसला म्हणजे पळ. दोघांची ही बोली शिकवावी लागत नाही. कोळंबी ही ‘पिस्तूल’ जातीची. एक नांगी ती इतक्या वेगाने मिटते की पाण्यात बुडबुडा तयार होऊन फुटतो आणि बार काढल्यासारखा आवाज येतो. दुसऱ्या महायुद्धात पाणबुड्यांचा कानोसा घेणाऱ्यांना या कोळंब्यांच्या कडकडाटाचा त्रास झाला आणि त्यावर खास संशोधन करावे लागले. भाच्याच्या घरी मध्यरात्री हा आवाज आला तेव्हा बहिणीला वाटले, काच तडकली.

गोबीच्या अभ्यासकांत एक नाव दिवाळी अंकाच्या वाचकाला चकित करील. जपानचे सम्राट अकिहितो यांनी युवराज असताना, १९६३ मध्ये, गोबींच्या खांद्याच्या हाडावर पहिला निबंध लिहिला आणि पुढे आयुष्यभर हेच काम केले. सिंहासन सोडल्यानंतरही, २०२१ मध्ये, त्यांनी सहकाऱ्यासह दोन नव्या जातींचे वर्णन प्रसिद्ध केले. एका गोबीला शास्त्रज्ञांनी त्यांचे नाव दिले आहे. ज्यांना जगातला कोणताही मासा राजवाड्यात ठेवता आला असता, त्यांनी बोटभर माशाच्या डोक्यावरची संवेदी छिद्रे मोजण्यात साठ वर्षे घालवली.

* * *

पण डेव्हनचा प्रश्न सुटला नव्हता. तो डेव्हनहून उष्ण कटिबंधात गेला होता. १९६० च्या दशकापासून फिलिपाइन्समध्ये शोभेचे मासे गुंगवून पकडण्यासाठी सायनाइड वापरले जाऊ लागले. त्याने मासा सुस्त होतो, बहुधा पुढे मरतो, आणि आजूबाजूचे प्रवाळही मरते. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २००३ मधल्या अहवालानुसार दर वर्षी सुमारे दोन ते अडीच कोटी समुद्री मासे शोभेसाठी विकले जात होते, १,४७१ जातींचे. यांतले जवळजवळ सगळे समुद्रातून उचललेले. गोड्या पाण्यातल्या शोभेच्या माशांची बहुतांश पैदास तलावांत होते. समुद्री माशांची होत नव्हती. अडचण पिलांची होती. समुद्री माशाचे पिलू अंड्यातून बाहेर येते ते पापणीच्या केसाएवढे, आणि त्याच्या तोंडात मावेल असे जिवंत अन्न त्याला पहिल्या दिवसापासून लागते.

ते अन्न दोन वेगळ्या वाटांनी मिळाले. खाऱ्या तळ्यातल्या आर्टेमिया या किड्याची नुकतीच फुटलेली पिल्ले माशांना चारता येतात, हे सॅन फ्रान्सिस्कोच्या मत्स्यालयातल्या ॲल्विन सील याने १९३३ मध्ये लिहिले. पण तीही पहिल्या दिवशीच्या पिलाला मोठी पडत. त्याहून बारीक रोटिफर वाढवण्याची युक्ती जपानमध्ये ताकाशी इतो याने १९६० मध्ये मांडली. हा जीव बामांच्या तळ्यांत उपद्रव म्हणून ओळखला जात होता; तोच पुढे जगभरच्या मत्स्यबीज केंद्रांचा आधार झाला.

हे अन्न हाती आल्यावर काचेमागे पिढी पूर्ण करणाऱ्या पहिल्या समुद्री माशांत विदूषक मासा होता आणि त्याच्या बरोबरीने नियॉन गोबी. नियॉन गोबी फ्लोरिडाचा. जॉर्डनने १९०४ मध्ये त्याचे वर्णन केले. अंगावर विजेच्या दिव्यासारखी निळी रेघ, लांबी दोन इंच, उद्योग मोठ्या माशांच्या अंगावरचे परजीवी खाण्याचा. हेन्री फेडर्नने १९६७ मध्ये त्याच्या पिलांच्या वाढीचे वर्णन प्रसिद्ध केले आणि १९७० च्या दशकात फ्लोरिडातच मार्टिन मो याने समुद्री शोभेच्या माशांची विक्रीसाठी पैदास करून दाखवली. नियॉन गोबीला एक नळीचा तुकडा पुरतो. जोडी त्यात राहते, आतल्या बाजूला अंडी चिकटवते, नर राखण करतो. गितेलच्या शिंपल्याची जागा प्लास्टिकच्या नळीने घेतली, इतकेच.

माझ्या मते या हौसेच्या इतिहासातले खरे वळण हे आहे. मीठ, काच किंवा यंत्रे नव्हेत. तोवर टाकी ठेवणारा विचारत असे की या काचेत काय काय जगवता येईल. गोबीमुळे विचारता आले की या काचेत कोणाचे आयुष्य पुरे होईल. ज्या माशाला समुद्रातही हातभर जागा लागते, त्याला टाकी अपुरी पडत नाही. फिरणाऱ्या माशांना चार फुटांत ठेवणे मला कोंडणेच वाटते, मग पाणी कितीही स्वच्छ असो. भाच्याशी यावर माझे भांडण झाले आहे आणि तो अजून मान्य करत नाही.

अर्थात सगळेच गोबी काचेत मावतील असे नाही. ऑस्ट्रेलियाच्या प्रवाळखडकांवरचा एक ‘एव्हिओटा’ जास्तीत जास्त ५९ दिवस जगतो, असे २००५ मध्ये दिसून आले. पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांत इतके छोटे आयुष्य दुसऱ्या कोणाचे माहीत नाही. त्यातले पहिले तीन आठवडे तो खुल्या समुद्रात असतो. असा मासा विकत आणला म्हणजे त्याचे म्हातारपण विकत आणले. आणि या किरकोळ दिसणाऱ्या माशांची समुद्रातली किंमत किरकोळ नाही. २०१९ मधल्या एका मोठ्या अभ्यासानुसार प्रवाळखडकांवर जेवढे मासे दुसऱ्यांच्या पोटात जातात, त्यांच्या वजनापैकी जवळजवळ ६० टक्के वाटा गोबी-ब्लेनीसारख्या फटीतल्या छोट्या माशांचा असतो. खडक चालतो तो यांच्यावर.

* * *

भारतात २००१ पासून खडक बांधणारे प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. म्हणजे कायद्यापुढे प्रवाळाचा तुकडा आणि वाघ सारखेच. मालवणच्या खडकांवरचे असोत की विजयदुर्गपासून शंभरावर किलोमीटर आत, कान्होजी आंग्रे यांचे नाव लागलेल्या आंग्रिया बँकेवरचे, ते उचलता येत नाहीत. भाच्याच्या टाकीत मातीचे दगड आहेत ते यामुळे. जीवाणू त्यांच्यावरही बसतात, मात्र दोन महिने वाट पाहावी लागते.

‘फादर अँड सन’ वाचून रुसलेला भाचा तिसऱ्या दिवशी बोलला तेव्हा म्हणाला, “मामा, पैदाशीतलेच घेतो यापुढे.” त्याने नियॉन गोबीची एक जोडी आणली, पैदास केंद्रातून आल्याचा कागद पाहून. गॅलरीत हिरव्या पाण्याच्या बाटल्या आल्या, त्यांत रोटिफर आले, आणि बहिणीने कुंड्या आवरल्या. पहिल्या खेपेची पिले चौथ्या दिवशी मेली. दुसऱ्या खेपेला पावसात वीज गेली आणि रोटिफरांच्याच बाटल्या आंबल्या. तिसऱ्या खेपेला त्याने कामावर रजा टाकली आणि दर चार तासांनी उठून अन्न घातले.

गणपतीच्या आधी त्याचा फोन आला. पाच आठवडे झाले होते. पिले तळाशी येऊन बसायला लागली होती आणि एकेकाच्या अंगावर निळी रेघ उमटत होती. त्याने दोनदा मोजली. अकरा होती. नळ्या कापायला घेतल्या आहेत म्हणाला. कोणाला हवी असतील तर विचार, पण ज्याची टाकी दोन महिने जुनी नाही त्याला देणार नाही, असेही म्हणाला.

पिवळा वॉचमन अजून त्या बिळापाशीच बसतो. तो कुठला, ते आम्हाला अजून कळलेले नाही.